मध्यरेषेच्या अलीकडे

अकोला, २८ नोव्हेंबर

मैना,

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुला कोणी कळवलं नसेल म्हणून कळवते. डॉक्टर म्हणतात, शाळेत उभं राहून पी.टी. घेता येईल, मॅटवर परत उतरायचं की नाही ते पुढच्या हिवाळ्यात बघू. ‘बघू’ म्हणताना ते माझ्याकडे नाही, आईकडे बघत होते.

तुझा फोन लागत नाही. मूर्तिजापूरच्या सामन्याचा तो व्हिडिओ पसरल्यापासून तू बंदच ठेवला असणार. म्हणून जयवंताबाईंच्या पत्त्यावर लिहिते. अमरावतीला त्यांच्याकडे खोली घेतलीस तेव्हा पहिल्या दिवाळीला तू हा पत्ता पाठवला होतास. घरमालकीण चांगली आहे, फराळाला ये, म्हणाली होतीस. मी आले नाही.

का आले नाही ते तुला ठाऊक आहे. तरी एकदा लिहिते, कारण आता जो तो आपल्या मनानं गोष्ट सांगत सुटला आहे. तू अकोल्यात मुलांच्या कबड्डी संघात खेळायचीस आणि मी मुलींच्या, सराव एकाच मैदानावर. घोटापकड मला तू शिकवलीस. चढाईला आलेलीचा घोटा धरायचा आणि अंग सैल सोडायचं, उगाच ताकद लावायची नाही, असं सांगायचीस. तू मैना आहेस हे तू सगळ्यांत आधी मला सांगितलंस. तुझा पहिला पंजाबी ड्रेस आपण गांधी रोडवरून आणला. दुकानदारानं विचारलं, कोणासाठी? मी म्हणाले, हिच्यासाठी. तू बाई आहेस हे मी तुझ्या घरच्यांच्या आधी मानलं. पण तू बायकांच्या संघातून माझ्यासमोर चढाईला यावंस हे मला पटलं नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. त्या दिवाळीनंतर तेवढं तोंडावर बोलले म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस.

मूर्तिजापूरला मी तुझा घोटा धरला. बरोबर धरला. आजवर अशा धरलेल्या सगळ्या थांबल्या, तू थांबली नाहीस. तू वळलीस, मला ओढत मध्यरेषेकडे गेलीस. माझा पाय खाली दुमडला होता आणि तू माझ्यावर पडलीस. आवाज आधी ऐकू आला, दुखलं नंतर. तू माझं नाव घेत होतीस, मग तुमच्या संघातल्या कोणीतरी तुला बाजूला नेलं.

मला राग आहे. तो तुला माझ्याकडूनच कळावा.

ज्योत्स्ना


अकोला, ९ डिसेंबर

मैना,

मी तक्रार दिली आहे. वऱ्हाड चषकाच्या स्पर्धा समितीला लिहून दिलं, की बायकांच्या गटात कोणी खेळावं याचा नियम करा, डॉक्टरांना विचारून करा, आणि तो होईपर्यंत मैनाला आमच्यासमोर उतरवू नका. तुझं नाव मैना असंच लिहिलं. समितीतल्या एका सरांनी विचारलं, खरं नाव काय? मी म्हणाले, हेच.

आता दुसरी गोष्ट. जानराव घरी येऊन गेला. तुला आठवत असेल, जर्सी वाटणारा, प्रत्येक बक्षीस समारंभात फेटा बांधून मधल्या खुर्चीवर बसणारा. यंदा त्याला नगरसेवक व्हायचं आहे. पिंटूनं आणलं त्याला. माझा हा धाकटा भाऊ परवापरवापर्यंत दुकानात बसून लोकांच्या मोबाईलच्या काचा बदलत होता. आता जानरावच्या गाडीत पुढच्या सीटवर बसतो.

जानरावनं फळं आणली होती. माझ्या पायाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “बेटा, तू फकत कॅमेऱ्यासमोर सांग, बाईच्या कपड्यातल्या मानसानं मले मारलं. बाकी आमी पाहून घेतो.”

“मारलं नाही. पकडीत लागलं,” मी म्हणाले.

“तेच तं म्हनून राह्यलो मी. शब्द जरा जोरात पायजे.”

“मी तक्रार दिली आहे. माझं जे म्हणणं आहे ते त्यात आहे.”

“तक्रार वाचाले कोनाले टाईम आहे, बेटा,” तो हसला. उठता उठता सहज विचारल्यासारखं विचारलं, “अमरावतीत कोनत्या भागात राह्यते ते?”

ते. ‘तो’ नाही, ‘ती’ नाही. बांधावर पडलेल्या लाकडाबद्दल बोलावं तसं. मी म्हणाले, माहीत नाही. पिंटू माझ्याकडे बघत होता. खोटं बोलताना माझा आवाज बारीक होतो, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे.

ते गेल्यावर आईनं फळांची पिशवी उचलली आणि शेजारच्या मुलांना वाटून आली. तू ओळखतेस इंदूबाईला, ती फारशी बोलत नाही. त्या दिवशी चुलीपाशी पाठमोरी बसून म्हणाली, “कोनाले मानूस म्हनाचं आन कोनाले नाही, हे गावानं ठरवाचं. माह्या आजीनं लय भोगलं हे. आन माह्यंच पोट्टं त्याइच्या गाडीत बसून राह्यलं.”

काही दिवस एकटी बाहेर जाऊ नकोस. सराव बंद ठेव.

ज्योत्स्ना


अकोला, २१ डिसेंबर

मैना,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. “मैदानाबाहेर तूच काढतेस आणि घराबाहेर पडू नको असंही तूच सांगतेस. तुला नेमकं काय पाहिजे?”

बरोबर विचारलंस. तुझ्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. तरी वाच.

मागच्या आठवड्यात जानरावची माणसं हिवरखेडला तुझ्या घरी गेली होती. पिंटू जेवताना सांगत होता. कोणी आवाज चढवला नाही, कोणी हात लावला नाही. तुझ्या वडिलांनी, नत्थुजींनी खाटा टाकल्या, तुझ्या आईनं, लीलाबाईंनी पाणी दिलं. ते सगळे दुपारभर अंगणात बसून राहिले, काही न बोलता. नत्थुजींनी दोनदा विचारलं, “काय काम होतं, बावा?” जाताना एकानं ओसरीतला तुझा शाळेतला फोटो उतरवला, त्याचा मोबाईलवर फोटो घेतला आणि खिळ्याला परत लावला. बस. पिंटू हे सांगताना हसत होता, मग आईनं त्याच्यासमोरचं ताट उचललं. आता तो फोटो सगळीकडे फिरतो आहे, तुझ्या जुन्या नावासकट.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी अमरावतीला समितीची सुनावणी आहे, तुला नोटीस आलीच असेल. तू राहतेस कुठे ते त्यांना अजून कळलेलं नाही. पण सुनावणीला तू येणार हे कळलं आहे, आता पत्त्याची गरज काय? पिंटू मागच्या अंगणात फोनवर बोलत होता. मी खिडकीत होते. “समितीवाले काय तपासतीन? आपनच गेटवर तपासू, कॅमेरा चालू ठेवून,” असं तो म्हणाला. तिकडून कोणी काही विचारलं असावं. तर म्हणाला, “साडी आन बांगड्या जानरावभाऊ आनून राह्यले.”

माझा भाऊ, मैना. मी ऑपरेशनला आत गेले तेव्हा दाराबाहेर रडत उभा होता तो.

मी पोलीस ठाण्यात जाऊन आले. तिथल्या माणसानं खुर्ची दिली, पायाची चौकशी केली. म्हणाला, “अजून काही झालं नाही ना? झालं की या.” नावं विचारली. जानरावचं दिलं. बाकीचे ओळखीचे नाहीत, असं मी म्हणाले, पिंटूचं नाव घेतलं नाही.

तू येऊ नकोस. तू आली नाहीस तर निकाल एकतर्फी तुझ्याविरुद्ध लागेल हे मला कळतं. तो निकाल मला हवा आहे हेही तुला कळतं. म्हणून माझ्या या सांगण्यावर तू विश्वास ठेवणार नाहीस. पण मला तू हरायला हवी आहेस ती आत, खुर्चीत बसून, पूर्ण कपड्यांत, आपलं म्हणणं मांडून.

ज्योत्स्ना


अकोला, ५ जानेवारी

मैना,

तू येणार. ठीक आहे. तू लिहिलंस, “आज गेटवरून परत फिरले तर पुढे बँकेच्या, दवाखान्याच्या, कोणत्याही गेटवरून परत फिरावं लागेल.”

मग असं कर. मी सुनावणीच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरते, तिथून ऑटोनं जयवंताबाईंकडे येते. तू एकटी निघू नकोस. मला कुबड्या आहेत, एका कुबडीच्या जागी मी तुझा हात धरीन. सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिला आहे. ज्या मुलीच्या नावानं ते ओरडत आहेत तीच तुझ्या हाताला धरून आली तर त्यांना क्षणभर काय करावं ते सुचणार नाही. तेवढ्या वेळात आपल्याला गेट ओलांडायचं आहे.

आत गेल्यावर मी तुझ्या विरुद्ध बोलणार आहे. त्यात काही बदल नाही. गेटपर्यंत तुझ्यासोबत, आत तुझ्या समोर. तुला हे विचित्र वाटत असेल तर वाटू दे, मला दुसरं काही जमणार नाही.

पिंटू दोन दिवसांपासून घरी जेवत नाही. काल माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, “ताई, शनिवारी तू जाऊ नोको. गर्दी राहीन. तुह्या पायाले लागन.” मी म्हणाले, मग गर्दी करू नका. तो थोडा वेळ दाराची कडी खालीवर करत राहिला आणि निघून गेला.

ज्योत्स्ना


अकोला, २० जानेवारी

मैना,

आत गेल्यावर तू माझा हात सोडलास. निघताना माझ्याकडे पाहिलं नाहीस. तुझा राग मला समजतो. पण तू सरळ समोर बघत चालत होतीस म्हणून तुला जे दिसलं नसेल ते सांगायला हवं.

ऑटोतून उतरलो तेव्हा ते सगळे चहाच्या टपरीपाशी होते. आपल्याला पाहून आधी कोणीच हललं नाही. मला वाटलं, झालं, जमलं. मग जानराव गाडीत बसल्या बसल्या काहीतरी बोलला आणि ते गेटसमोर पसरले. जानराव शेवटपर्यंत गाडीतून उतरला नाही. पिंटू सगळ्यांत पुढे होता, हातात मोबाईल.

“ताई, बाजूले हो.”

“माह्या पायाले धक्का लागला तं पडीन मी,” मी म्हणाले. “आन पडली तं तुह्याच फोनात येईन ते. मंग दाखव लोकाइले.”

त्याचा हात खाली आला. तो बाजूला झाला नाही, पण त्याच्या उजवीकडे एक माणूस जाईल एवढी जागा झाली. त्यातून आपण गेलो. तेव्हाच मागून कोणीतरी तुझी ओढणी ओढली. पिन लावलेली होती, म्हणून खांद्यावरचं कापड फाटलं. तू मागे वळली नाहीस. तुझा दंड मात्र माझ्या हातात होता आणि तो इतका थरथरत होता की माझी कुबडी वाजत होती. मूर्तिजापूरला याच शरीरानं मला ओढत नेलं होतं. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळत होत्या, मैना, आणि एकीनं दुसरी खोटी होत नव्हती.

आतलं तू ऐकलंस. मी म्हणाले, मैना बाई आहे, आणि तिच्यासमोर माझी लढत बरोबरीची नव्हती. त्यावर ते खरं नाव विचारणारे सर म्हणाले, “दोन्हीपैकी एक काय ते सांगा.” तू म्हणालीस, “हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्यापासून माझी ताकद कमी झाली. तरी ज्योत्स्नापेक्षा जास्त असेल, आणखी कोणापेक्षा कमी असेल. मोजा. मी ऐकीन. पण मोजणारा डॉक्टर असावा, गेटवरची माणसं नको.” मला त्या क्षणी तुझ्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसावंसं वाटलं. मी बसले नाही.

मोजायचं कोणी मनावर घेतलं नाही. समितीनं त्याच दिवशी सांगितलेला निकाल तुला लेखी आलाच असेल. नियम होईपर्यंत तू खेळायचं नाही. मी मागितलं होतं ते मिळालं. पण खाली आणखी एक ओळ आहे. यापुढे कोणत्याही मुलीबद्दल कोणीही लेखी हरकत घेतली तर तिला तपासणी करून घ्यावी लागेल, नाही तर खेळता येणार नाही. कोणीही. असं लिहिलं आहे. हे मी मागितलं नव्हतं. मी समितीला फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, तुमच्याच तक्रारीवरून केलं.”

जयवंताबाईंनी तिथे येऊन तुला मागच्या दारानं घरी नेलं ते चांगलं झालं. पुढच्या दारानं मी बाहेर आले तेव्हा जानरावची माणसं पेढे वाटत होती. माझ्याही हातावर एक ठेवला. पिंटू त्यांच्यात नव्हता. तो एसटीनं एकटाच अकोल्याला परतला आणि दुकानाचं शटर आतून ओढून बसला. आई डबा घेऊन गेली तर उघडलं नाही.

तुझ्या खांद्याला पिन टोचून रक्त आलं होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घे.

ज्योत्स्ना


अकोला, १८ फेब्रुवारी

मैना,

जयवंताबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, “गेली बाई पोरगी. खोली झाडून, किल्ली माह्या हातात देऊन गेली. कुठी जाऊन राह्यली, सांगलं नाही. दोन मानसं येऊन तिले विचारून गेली होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी.” कोण माणसं, ते त्यांना ठाऊक नाही. पत्ता त्यांना कोणी दिला तेही कळत नाही. पिंटूला विचारलं. तो म्हणाला, “मी नाही, ताई. आईची शपथ.” मी त्याच्यावर विश्वास ठेवला आहे. दुसरं काय करू? हिवरखेडला फोन लावला, लीलाबाईंनी उचलला आणि माझं नाव ऐकून ठेवून दिला.

माझं मागचं पत्र उघडायच्या आत तू गेलीस की नंतर, तेही माहीत नाही. हेही जयवंताबाईंकडेच पाठवते. तू कधीतरी त्यांना फोन करशील. हे दुसऱ्या कोणाला लिहून कळणार नाही.

मी आता आमच्या मुलींना शिकवते, खुर्चीत बसून. त्यांच्यात एक आरती आहे, तेल्हाऱ्याकडची. अकरावीत आहे, वसतिगृहात राहते. उंच, खांद्यानं रुंद, आवाज जाड, केस बॉयकट. शेतातली पोती एका दमात ट्रॉलीत टाकते असं तिच्या वडिलांनी मला अभिमानानं सांगितलं होतं. अकोटच्या सामन्यात तिनं एका चढाईत तीन गडी बाद केले. दुसऱ्याच दिवशी तिच्यावर लेखी हरकत आली.

तिला तपासणीसाठी अमरावतीला मी घेऊन गेले. वडील बाहेर बाकावर बसले, टोपी हातात घेऊन. परत येताना ती एसटीत माझ्या शेजारी बसली होती, बोरगाव गेल्यावर म्हणाली, “ताई, आतमंदी त्याइनं लय काही विचारलं.” मग म्हणाली, “मी पोरगीच आहो ना?”

मी म्हणाले, हो. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, तिनं परत विचारलं नाही.

रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. समितीनं खेळायची परवानगी दिली. पण तपासणी झाली हे सगळ्यांना कळलं आणि रिपोर्ट कोणी विचारला नाही. आता रोज संध्याकाळी सरावाच्या वेळी कुंपणाबाहेर चार-पाच मोटारसायकली उभ्या असतात. ओरडत नाहीत. नुसते बघतात. मधूनच एखादा मुलींकडे बोट दाखवतो आणि बाकीचे माना हलवतात. मी एकदा गेटपर्यंत गेले आणि विचारलं, काय पाहिजे? एक जण हसून म्हणाला, “मॅच पाहून राह्यलो, मॅडम. मनाई आहे का?” आमच्या दोन मुलींच्या घरच्यांनी त्यांना यायचं बंद केलं. एकीचं लग्न ठरत होतं, म्हणून. उरलेल्या एकमेकींकडे बघतात. कोणाचे हात जाड, कोणाच्या ओठांवर लव. पूर्वी या मुली एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या.

आरती येते. केस वाढवायला लागली आहे, कपाळाला टिकली लावते, सरावाच्या आधी ती काढून खांबाला चिकटवते आणि नंतर परत लावते. तिचा खेळ बघितला आणि मला वाटलं, तपासणीचा धक्का आहे, हळूहळू जाईल.

काल आमच्याच मैदानावर जिल्ह्याचा सामना होता. शेवटची चढाई तिची. एका गुणानं आम्ही मागे होतो. तिनं कोपऱ्यातल्या मुलीला पायानं टिपलं, वळली, तेवढ्यात मधली एक तिच्या कमरेला बिलगली. लहानखुरी मुलगी, तिचे हात सुटतच चालले होते. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आरती तिच्यासकट पुढे पडली. मध्यरेषा तिच्या बोटांपासून वीतभर होती. मी तिचा हात बघत होते. तो हात पुढे जाऊ शकत होता, मैना, हे मला जसं कळत होतं तसं तिलाही कळत होतं. तिनं मान वर करून कुंपणाकडे पाहिलं. मग हात छातीखाली ओढून घेतला आणि शिट्टी होईपर्यंत तशीच पडून राहिली.

कुंपणाबाहेरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आरती उठली, कपडे झटकले आणि माझ्याकडे न बघता बाकावर जाऊन बसली, गुडघे जुळवून.

ज्योत्स्ना